जानेवारीतलं ऊन

जोनेल हॅचरचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि त्याची तिला खंतही नव्हती. ती शाळेची बस चालवायची. आदल्या दिवशी स्वतःच तपासलेले टायर सकाळी पुन्हा तपासायची. दुपारी पोरं उतरली की एकेका सीटखाली वाकून बघायची. वाकताना ओटीपोटात कळ यायचीच. मग दांडी धरून उभी राहायची, पण आधी आरशात बघून घ्यायची, कुणाची नजर तर नाही ना. फोनवर कुणी "हॅचरबाई का?" म्हटलं की हिचा पहिला सवाल, "तुम्ही कोण ते आधी बोला." आमच्या लॉटनमध्ये निम्मं गाव फौजेतून आलेलं, त्यामुळे असल्या तऱ्हेवाईक माणसांचं कुणाला नवल नाही. तरी जोनेलचं नाव निघालं की लोक हसायचे, हे खरं.

आणि एवढ्या संशयी बाईनं ऐन वेळी स्वतःच्याच तोंडानं स्वतःचा घात करून घेतला.

झालं असं. तिनं अपंगत्वाच्या भत्त्यासाठी अर्ज केला होता. बाविसाव्या वर्षी इराकच्या वाळवंटात मालाचे ट्रक हाकत असताना तिच्या पोटात काहीतरी बिघडलं ते कायमचं. पुढे बारा वर्षं दुखणं, ताप, तपासण्या, आणि चौतिसाव्या वर्षी डॉक्टरांनी गर्भाशय काढून टाकलं. आतडी आतल्या आत चिकटली होती, ती तशीच राहिली. हे सगळं फौजेत सुरू झालं एवढंच तिचं म्हणणं होतं. माजी सैनिकांच्या खात्यानं तिला तपासणीला पाठवलं ते गादीच्या दुकानाशेजारच्या एका खाजगी दवाखान्यात. जोनेलनं ऐकलं होतं की ही माणसं खिडकीतून बघतात, अर्जदार गाडीतून उतरतो कसा, लंगडतो का, की आत आल्यावरच लंगडायला लागतो. म्हणून तिनं गाडी पार लांब, कचऱ्याच्या पेटीमागे लावली. ब्लाउजला इस्त्री केलेली, केस घट्ट बांधलेले. डॉक्टरीण आत आली, हसून म्हणाली, "कशा आहात?"

आणि जोनेल पाठीचा कणा ताठ करून म्हणाली, "मस्त, मॅम. आपण?"

सवय! दुसरं काय? फौजेत कुणी "कशी आहेस" विचारलं की याखेरीज उत्तर नसतं. रडवेलं तोंड केलं की पुढच्या फेरीतून नाव कटतं. अहवालात आलं: अर्जदार प्रसन्न, ताठ बसलेली, प्रकृती मस्त असल्याचं स्वतः सांगते. पुढे एक ओळ होती: गरोदरपणं, शून्य. आणि दोन महिन्यांनी पत्र आलं. नोकरीच्या काळात अशा आजाराची नोंद आढळत नाही, सबब अर्ज नामंजूर.

"एवढं सगळ्यांवर डोळे वटारतेस," तिचा नवरा कर्टिस म्हणाला, "आणि त्या बाईला म्हणालीस मस्त?"

"तू गप रे. तोंडातून निघून गेलं."

कर्टिस डिझेलच्या इंजिनांचा मेकॅनिक. बोलणं कमी, हाताला कायम ग्रीस. त्यानं भेंडी तळायला घेतली.

भत्ता मिळाला असता तर जोनेलनं ती बस सोडली असती, हे तर आहेच. पण खरं सांगायचं तर तिला हवी होती एक ओळ. हे दुखणं फौजेत लागलं, असं सरकारनं शिक्का मारून लिहून द्यावं. कारण इतकी वर्षं सगळे मानत आलेले की मूल होत नाही, म्हणजे तिच्या अंगातच काहीतरी उणं आहे. सासू तर भरल्या ताटावर, पाहुण्यांसमोर एकदा म्हणाली होती, "हॅचरांच्या घरात असं कधी झालं नाही बाई." त्या दिवसापासून जोनेल सासूच्या हातचं खात नव्हती. आणि आतून मात्र तिलाही वाटायचं की म्हातारी म्हणते ते खरं असेल.

नामंजुरीपासून वर्षाच्या आत नवा पुरावा दिला तर अर्ज जिवंत राहतो. वर्ष उलटलं की सगळं पहिल्यापासून. तिची शेवटची तारीख होती बावीस एप्रिल, सोमवार.

मार्चच्या सुरुवातीला ती माजी सैनिकांच्या हॉलवर गेली. तिथे अर्ज भरून द्यायला एक माणूस बसतो असं कळलं होतं. दाराशी नेहमीप्रमाणे म्हातारा ग्रेडी बसलेला, व्हिएतनामहून एक पाय लाकडाचा करून आलेला.

"ये पोरी. नवऱ्याचं काम आहे ना?"

"नवरा कधी फौजेत नव्हता, मिस्टर ग्रेडी. मी होते."

"हो का? मग तुझं काय दुखतं?"

"ते तुम्हाला सांगितलं तर शुक्रवारी इथे मासे तळता, त्यांच्याबरोबर वाढाल सगळ्यांना."

म्हातारा खो खो हसला. म्हणाला, "आतल्या नव्या माणसाला सांग मग. त्याच्या तोंडाला कुलूप असतं."

आत टेबलामागे बसला होता रूकर. केस पिकलेले, वजन वाढलेलं, पण चेहरा तोच. जोनेलच्या तुकडीचा मेडिक. फौजेत जखमा बांधणाऱ्या, गोळ्या देणाऱ्या शिपायाला सगळे डॉक म्हणतात, मग तो विशीतला पोरगा का असेना.

"प्रूइट," तो म्हणाला. तिचं माहेरचं आडनाव. एकोणीस वर्षांत त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती.

"डॉक! तू इथे कधी कडमडलास?"

"ऑगस्टमध्ये आलो. बायकोचं माहेर आहे."

तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. कारण अख्ख्या जगात तिच्या बाजूनं बोलू शकेल असा हाच एक माणूस होता. तीस ट्रकांच्या ताफ्यात बायका चौघी. जोनेलची पाळी चार चार महिने यायची नाही आणि आली की धो धो. पोटात असं दुखायचं की स्टिअरिंग धरून ओठ चावावे लागत. ती डॉकच्या तंबूत जायची आणि म्हणायची, औषध दे, पण वहीत लिहू नकोस. लिहिलं की वरचे वाचणार, वाचलं की ट्रकवरून उतरवणार, आणि मग सगळे पुरुष मान हलवणार, बघा, म्हटलं नव्हतं? डॉक तिच्यासाठी लिहायचा: ऊन लागलं. पाठ धरली. गोळ्या हव्यात तर नोंद हवी, म्हणून काहीतरी लिहायचं. दोघांचं संगनमत होतं ते. उन्हाचं दुखणं पुरुषालाही होतं, त्याला कुणी हसत नाही.

डॉकनं तिची फौजेतली कागदपत्रं मागवली. दोन आठवड्यांनी ती आली. तो एकेक पान उलटत होता, जोनेल समोर बसलेली. नोंदी सात. ऊन, ऊन, पाठ, ऊन, पाठ, ऊन, ऊन.

"तुझी साक्ष लागेल," जोनेल म्हणाली. "की तू खोटं लिहिलंस आणि खरं काय होतं."

"देतो."

"तुझ्या अंगाशी येईल. हे टेबल जाईल तुझं."

"देतो म्हणालो ना, प्रूइट."

मग तिच्या तपासणीचा अहवाल त्याच्या हाती आला. तो वाचत खाली गेला आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबला. फार वेळ थांबला. जोनेलनं मान तिरकी करून बघितलं. बोट 'गरोदरपणं, शून्य' या ओळीवर होतं.

"काय रे?"

"काही नाही. चष्मा बदलायला हवा."

झालं! तिथेच जोनेलच्या मनात पाल चुकचुकली. घरी येऊन तिनं कागद ओट्यावर मांडले आणि स्वतः एकेक नोंद वाचली. सहावी नोंद तेवीस जानेवारीची. ऊन लागलं, दोन दिवस विश्रांती.

जानेवारीत?

जानेवारीतलं ते वाळवंट तिला आठवत होतं. सकाळी बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरायची. हातमोजे घालून ट्रक चालवायचे. त्या दिवशी तर ती दोन गोधड्यांत कुडकुडत होती. डॉक काही मूर्ख नव्हता. जानेवारीत पाठ लिहिली असती, सर्दी लिहिली असती. ऊन कसं लिहिलं? माणूस घाबरलेला असला की असं करतो. मग तो कशाला घाबरला होता?

"कर्टिस, कुठेतरी पाणी मुरतंय."

"तुझ्या डोक्यात मुरतंय," कर्टिस म्हणाला. "त्याला विचार सरळ."

विचारलं. डॉक म्हणाला, "घाईत लिहिलं असेल." आणि तिच्याकडे न बघता स्टेपलरमध्ये पिना भरू लागला. स्टेपलर भरलेलाच होता.

तिथून पुढे त्यानं ताकास तूर लागू दिली नाही. साक्षीचा कागद आज देतो, उद्या देतो. एकदा म्हणाला, प्रिंटर बिघडलाय. जोनेल बाहेर आली तर ग्रेडीच्या हातात ताजे, गरम कागद. "कुठून आणलेत, मिस्टर ग्रेडी?" "आतून. डॉकनं छापून दिले आत्ताच." असं का? मग एका दुपारी बस लावून घरी येते तो डॉकचा निळा पिकअप तिच्या गल्लीतून सावकाश चाललेला. दारासमोर मंदावला, आणि ती दिसताच निघून गेला. चार दिवसांनी पुन्हा तसंच. जोनेल पडद्याआड उभी राहून नंबर लिहून घेत होती. तिचा हिशेब पक्का झाला. हा माणूस तारीख उलटायची वाट बघतोय. तारीख उलटली की अर्ज मेला, साक्ष नको, आणि ह्याचं टेबल सहीसलामत. वर ती धडधाकट फिरते का, लॉन कापते का, हे बघून ठेवतोय, उद्या उलट तिच्याच विरुद्ध सांगायला.

"अगं, तो तुला औषधं देत होता," कर्टिस म्हणाला. "तो कशाला असं करेल?"

"स्वतःची कातडी सगळ्यांना प्यारी असते."

"मला नाही तसं वाटत."

"तुला कुणाबद्दलच काही वाटत नाही. तू इंजिनं बघ."

हे बोलल्यावर तिला वाईट वाटलं, पण माघार घेणं तिला कधी जमलं नाही.

एकोणीस एप्रिल उजाडला. शुक्रवार. मध्ये शनिवार, रविवार, की सोमवार आलाच. शुक्रवारी दुपारी हॉलवर मासे तळतात, सगळे माजी सैनिक आणि त्यांची बायकापोरं जमतात, आणि डॉक स्वयंपाकघरात कढईपाशी असतो, हे तिला ठाऊक होतं. ती दुपारची फेरी संपवून थेट तिथे गेली. ग्रेडी दाराशी होता.

"मासे खायला आलीस? शेपटीचा तुकडा घे, काटा कमी."

"आधी एक कागद घेते, मिस्टर ग्रेडी."

डॉकची खोली रिकामी. कुलूप नव्हतं. जोनेलनं दार लोटून घेतलं, टेबलामागे गेली आणि पहिला खण उघडला. पिना, शिक्के. दुसरा उघडला. आत एक तपकिरी पाकीट, वर पेनानं लिहिलेलं: प्रूइट.

तिनं ते ओढून उघडलं. रागानं. मिळाला ना चोर, असंच तिला वाटलं. पाकिटात कागद होते, पुष्कळ. एक साक्ष एका पानाची, छापलेली, सही केलेली, तारीख वीस मार्च. म्हणजे महिनाभर हा कागद इथे तयार पडून होता! तिनं भराभर वाचला. मी त्या तुकडीत मेडिक होतो, तिला अतिरक्तस्राव व्हायचा, तिच्या विनंतीवरून मी चुकीची कारणं लिहिली. सगळं ठीक. मग दिला का नाही?

खाली दुसरी साक्ष. तीन पानं. तीच पुन्हा पुन्हा लिहिलेली, खाडाखोडीच्या चार प्रती, पाचवी स्वच्छ आणि सही केलेली. ती तिनं वाचायला घेतली. पहिलं पान तेच होतं. दुसऱ्या पानावर तेवीस जानेवारी होता.

त्या दिवशी ती नेहमीसारखा रक्तस्राव म्हणून आली. मी तिची लघवी तपासायला घेतली, पाणी कमी पडलंय का बघतो असं तिला सांगितलं. मी केलेली चाचणी गरोदरपणाची होती. ती गरोदर असल्याचं निघालं. त्यानंतर तासाभरात तंबूत तिचा गर्भपात झाला. काय पडलं ते मी पाहिलं. तिनं पाहिलं नाही. मी तिला पाळीच आहे असं सांगितलं.

जोनेल उभी होती ती डॉकच्या खुर्चीत बसली. पुढच्या ओळी तिला दिसत होत्या, पण आत जात नव्हत्या. गर्भाशय पूर्ण साफ झालेलं नसावं. पाचव्या दिवशी ताप. मी नोंद न करता जंतुनाशक गोळ्या दिल्या, दहा दिवस. इस्पितळात पाठवायला हवं होतं. पाठवलं नाही. आतडी चिकटली, पुढे मूल राहिलं नाही, ते बहुधा त्या संसर्गामुळेच.

दार उघडलं. डॉक उभा, कोपरापर्यंत मक्याचं पीठ लागलेलं. त्यानं उघडा खण बघितला, तिच्या हातातली पानं बघितली आणि दार मागे लावून घेतलं.

"इस्पितळ किती लांब होतं?" जोनेलनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"प्रूइट..."

"किती लांब?"

"गाडीनं एक तास दहा मिनिटं."

"मिनिटांसकट पाठ आहे तुला."

"हो."

"मग का नाही नेलंस?"

"नेलं असतं तर लिहावं लागलं असतं. तूच तर म्हणायचीस, लिहू नकोस. आणि हे लिहिलं असतं तर नुसतं ट्रकवरून उतरवलं नसतं. चौकशी झाली असती. कुणाचं, कुठे, केव्हा. तंबूतंबूत तुझं नाव झालं असतं. मला वाटलं, तुकडीतल्याच कुणाचं असेल. मला वाटलं, कदाचित कुणी तुझ्यावर..."

"कर्टिसचं होतं!" ती ओरडली. बाहेर ताटांचा आवाज क्षणभर थांबला. तिनं आवाज खाली आणला. "नोव्हेंबरात रजेवर आले होते मी, लग्न ठरलं होतं आमचं. कर्टिसचं होतं, मूर्खा. एकदा विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

"मला विचारायची हिंमत झाली नाही."

"संशय घ्यायची झाली?"

डॉक भिंतीला टेकला, पिठाचे हात पँटला लागू नयेत म्हणून वर धरलेले. "मी चोवीस वर्षांचा होतो," तो म्हणाला. "तिसऱ्या दिवशी पहाटे ताफा निघायचा होता. तुला सांगितलं असतं तर तू ट्रकवर बसली असतीस का? आणि बसली असतीस तर रस्त्यावर लक्ष राहिलं असतं का? मी ठरवलं, परत गेल्यावर सांगू. मग तू सुटलीस, मी दुसऱ्या तुकडीत गेलो. मग वाटलं, कशाला? तिला पोरंबाळं झाली असतील, कशाला जुनं उकरायचं? आणि मार्चमध्ये तू इथे आलीस, आणि त्या कागदावर शून्य."

"गल्लीत कशाला फिरत होतास?"

"सांगायला यायचो. दोनदा आलो. दार वाजवणं जमलं नाही."

जोनेलला त्या क्षणी त्याची कीव आली नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तिला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली, आणि त्याच वेळी त्या तंबूतली चोवीस वर्षांच्या पोराची पांढरी पडलेली मुद्रा आठवली, तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवणारी. पाळीच आहे, प्रूइट, पड जरा. तिनं विश्वास ठेवला होता. आयुष्यात तिनं डोळे मिटून विश्वास ठेवलेला माणूस तोच.

"दोन कागद का लिहिलेस?"

"लहान कागदावर अर्ज कदाचित मंजूर होईल, कदाचित नाही. मोठ्यावर होईल. पण मोठा कागद फाईलमध्ये गेला की सगळे वाचणार. कारकून, डॉक्टर. घरी प्रत येणार, तुझा नवरा वाचणार. कोणता द्यायचा ते मला ठरवता येईना. ते मी ठरवायचं नाही, एवढं या वेळी कळलं. पण तुला विचारायचं तर आधी सांगावं लागणार."

"आणि सोमवार उलटला असता तर?"

"उलटू दिला नसता. रविवारी येणार होतो."

"खोटं."

"असेल," डॉक म्हणाला. "मलाही खात्री नाही."

तिनं दोन्ही कागद पाकिटात घातले. टेबलावर कोऱ्या साक्षीपत्रांचा गठ्ठा होता, तोही उचलला, का ते तिलाच ठाऊक नाही. रिकाम्या हातानं जायचं नाही असं काहीतरी. दाराशी ग्रेडीनं एक पुडकं पुढे केलं. "शेपटीचे ठेवलेत तुझ्यासाठी." म्हाताऱ्यानं आतला ओरडा ऐकला असणार. तिनं पुडकं घेतलं.

घरी कर्टिस अजून आला नव्हता. जोनेलनं मासे ओट्यावर ठेवले, हात धुतले आणि ओट्याखालचा खण उघडला, जिथे विजेची बिलं आणि जुन्या किल्ल्या असायच्या. तीन पानी कागद तिनं त्यात ठेवला. खण लावला. लहान कागद टेबलावर मांडला. कर्टिसला हा दाखवायचा, सोमवारी हाच पाठवायचा. मिळालं तर मिळालं. एकोणीस वर्षं त्या माणसानं एकदाही तोंडातून काढलं नाही, की मूल असतं तर. आता त्याला कशाला सांगायचं, की होतं?

आणि मग तिचं तिलाच हसू आलं, वाईट हसू. तासाभरापूर्वी दुसऱ्याच्या खणात हात घालून ती चोर पकडायला निघाली होती, आणि आता तेच, त्याच कारणासाठी, ती स्वतःच्या घरात करत होती. त्याच्यासाठी मी ठरवते. त्याला झेपणार नाही, मी ठरवते. तिनं खण पुन्हा ओढला.

कर्टिस आला तेव्हा दोन्ही कागद टेबलावर होते. त्यानं चष्मा लावला आणि वाचायला बसला. तो सावकाश वाचतो, ओठ हलवत. दुसऱ्या पानावर ओठ थांबले. जोनेल समोर बसून त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, आता काय निघतं म्हणून. त्याला वाटेल तिला माहीत होतं. त्याला वाटेल इतकी वर्षं लपवलं. तिनं स्वतः असंच म्हटलं असतं.

"मला माहीत नव्हतं, कर्टिस," ती म्हणाली. "देवाशपथ. आज कळलं."

"अगं, मला काय ते सांगायला हवं?" तो म्हणाला. एवढंच. तिच्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, आणि ते बघून जोनेलला पहिल्यांदा रडू फुटलं.

तो उठला नाही. तिसरं पान वाचलं, पुन्हा दुसरं वाचलं. मग डाव्या हाताची बोटं मोजू लागला, नोव्हेंबरपासून, अंगठ्यानं एकेक पेर दाबत. ऑगस्टवर थांबला.

"आई म्हणाली होती ते," तो म्हणाला, "आपल्या घरात असं कधी झालं नाही. मी तेव्हा ताटावरून उठायला हवं होतं. उठलो नाही."

"जाऊ दे रे."

"नाही, जाऊ द्यायचं नाही. हा मोठाच पाठवायचा. तू सही कर."

तिनं अर्जावर सही केली. कर्टिसनं गठ्ठ्यातलं एक कोरं साक्षीपत्र ओढलं, उलटसुलट करून बघितलं.

"हे कुणीही भरलं तर चालतं का?"

"ज्याला माहीत आहे त्यानं भरायचं."

"मला आता माहीत आहे."

"अरे, पण तू तिथे नव्हतास. त्यांना तुझ्या साक्षीचा काय उपयोग?"

"त्यांना नसेल," कर्टिस म्हणाला आणि खिशातला पेन काढला. नखांत ग्रीस होतं, म्हणून कागदाला हात न लावता, मनगट टेकवून लिहायला लागला. मोठी, वेडीवाकडी अक्षरं. वर स्वतःचं नाव लिहिलं. त्याखाली रकाना होता, अर्जदाराशी आपलं नातं. त्या रकान्यात त्यानं नवरा लिहिलं नाही. लिहिलं: तिच्या मुलाचा बाप.